करार कायदा शिकायचाय? एलएलबी प्रवेशाची पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रं

करार कायद्यासाठी वेगळा प्रवेश अर्ज शोधत बसू नका. कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने एलएलबीला, म्हणजे कायद्याच्या पदवीला, जे विषय सक्तीचे केले आहेत, त्यांतच याचे दोन पेपर आहेत. पहिल्यात भारतीय करार अधिनियम, 1872 ची सर्वसाधारण तत्त्वं, म्हणजे कलम 75 पर्यंतचा भाग. दुसऱ्यात हमी, गहाण, एजन्सी हे विशेष करार आणि त्यांच्या जोडीला मालविक्री (1930) व भागीदारी (1932) हे कायदे. मूळ अधिनियमातली मालविक्री आणि भागीदारीची प्रकरणं काढूनच हे दोन कायदे स्वतंत्र झाले, त्यामुळे पुस्तकात कलम 75 नंतर एकदम 124 दिसलं तर पानं गळालेली नाहीत.

तेव्हा प्रवेश घ्यायचा तो एलएलबीला. महाराष्ट्रात बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन अभ्यासक्रम आहेत. दोन्हींची सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, वेगळी, घेणारा मात्र एकच, राज्य सीईटी कक्ष. बारावीला किंवा पदवीला खुल्या प्रवर्गातून 45 टक्के, ओबीसींना 42 आणि एससी-एसटींना 40 टक्के हवेत. शेवटच्या वर्षाला असलेल्यांना परीक्षा देता येते, फक्त प्रवेशाच्या वेळी निकाल हातात असला पाहिजे. सीईटीला वयाची वरची अट नाही. मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते, पण दहावी-बारावी न करता थेट मिळवलेली पदवी बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. हे परीक्षेची फी भरण्याआधीच पाहून घ्या.

परीक्षा ऑनलाइन असते, मराठी-इंग्रजीत असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

खरी गळती परीक्षेनंतर होते. सीईटीचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज भरला असं अनेकांना वाटतं. तसं नाही. निकालानंतर कॅपसाठी, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, नव्याने नोंदणी करून वेगळी फी भरायची आणि कागदपत्रं अपलोड करायची. त्यांची पडताळणी झाली की गुणवत्ता यादी लागते, मग कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आणि फेरीनुसार जागा मिळते. कॅपची नोंदणी चुकली तर उत्तम गुण असूनही या फेऱ्यांत नाव येत नाही.

दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सीईटीचं स्कोअरकार्ड हे बहुतेकांकडे असतं. अडतं ते सरकारी दाखल्यांवर. राज्याच्या कोट्यासाठी अनेकदा वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र लागतं. ते सेतू किंवा 'आपले सरकार' केंद्रातून मिळतं, आणि निकालाच्या हंगामात तिथे गर्दी उसळते. आरक्षणातून अर्ज करणाऱ्यांना जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. माझ्या मते सीईटीच्या तयारीआधी त्याचा अर्ज टाकावा, कारण पडताळणी समिती तुमच्या वेळापत्रकावर चालत नाही. ओबीसींनी नॉन-क्रीमीलेअरची मुदत तपासावी, कारण मुदत संपलेला दाखला नसल्यासारखाच. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला राज्याच्या विहित नमुन्यातलाच घ्या. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, आणि दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र.

प्रत्येक कागदावर नाव सारखं आहे ना, हेही बघा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर राजपत्राची किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रत सोबत ठेवा.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक इशारा. बार कौन्सिलच्या नियमांत विषयाला 70 टक्के हजेरी लागते, आणि दूरशिक्षणातून केलेल्या एलएलबीवर वकिलीची सनद मिळत नाही. शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवड्यांची आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवड्यांची इंटर्नशिप आहे. साहेबांशी रजेचं बोलणं प्रवेशाआधीच करून ठेवा.