गिरगावचा पिन कोड: ४००००४

गिरगावला पाठवायच्या पाकिटावर पत्त्याच्या शेवटी येणारा ४००००४ हा पिन कोड ‘चिमा काय कामाची’ या वाक्यासारखा कोणत्याही बाजूने वाचला तरी तोच राहतो. मुंबईचे सगळे पिन कोड ४०० ने सुरू होतात, त्यामुळे उलट वाचूनही न बदलणारा कोड हवा असेल तर शेवटी ००४ च यायला हवेत. म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सुरू झालेल्या या योजनेत मुंबईच्या वाट्याला अशी एकच संख्या येऊ शकत होती, आणि ती गिरगावला मिळाली. पिन कोड ही केवळ एक खूण आहे, त्याचा गुणाकार-भागाकार कोणी करत नाही. पण तो करून पाहावा इतकी ही संख्या देखणी आहे, असे मला मनापासून वाटते.

शाळेत शिकलेली ११ ची कसोटी इथे लावू. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा घ्यायच्या आणि त्यांतला फरक पाहायचा. अंकांची संख्या सम असलेल्या कोणत्याही विलोम (म्हणजे उलटसुलट सारख्याच वाचल्या जाणाऱ्या) संख्येत प्रत्येक अंक एकदा सम आणि एकदा विषम स्थानी येतो, त्यामुळे फरक शून्यच येतो आणि ११ ने भाग जातोच. आपल्या संख्येला आधी ४ ने भागले की १००००१ उरतात, आणि १००००१ = ११ × ९०९१.

आता ९०९१ चे आणखी अवयव पडतात का? एरवी ९५ पर्यंतच्या चोवीस मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. पण सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांच्या सिद्धान्तावरून असे निघते की, १००००१ च्या प्रत्येक मूळ अवयवाच्या एककस्थानी १ च असावा लागतो. त्यामुळे ११, ३१, ४१, ६१ आणि ७१ एवढ्याच संख्या तपासायच्या राहतात. त्यांनी भागल्यावर अनुक्रमे ५, ८, ३०, २ आणि ३ बाकी उरते. म्हणजे ९०९१ ही मूळ संख्या आहे, आणि ४००००४ = २ × २ × ११ × ९०९१. तिचे विभाजक बारा.

या ९०९१ ने १ ला भागायला घेतले, की ०.०००१०९९९८९ येते आणि पुढे हेच दहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात. त्यांचे दोन भाग करा: ०००१० आणि ९९९८९. त्यांची बेरीज ९९९९९! कारण भागाकारातच दिसते. १००००१ ला ९०९१ ने पूर्ण भाग जातो, म्हणून १००००० ला भागताना भागाकार १० येतो आणि बाकी ९०९० उरते, म्हणजे भाजकापेक्षा नेमकी एकाने कमी. पहिले पाच अंक लिहून झाले की भागाकार या ९०९० पासून पुढे चालतो, आणि ९०९० भागिले ९०९१ म्हणजे १ मधून मूळ अपूर्णांक वजा केलेला. म्हणून पुढचा प्रत्येक अंक हा आधीच्या पाचांतील त्याच्या जोडीदाराला ९ करायला जेवढे कमी पडतात, तेवढाच येतो.