कार्यकर्त्याचा राजीनामा की कार्यकर्त्यांचा?

वडिलांनी घरच्या कॉम्प्युटरसाठी नवा मॉनिटर घेतला. जुना १९ इंची चौकोनी होता, म्हणून यावेळी दुकानातला सगळ्यात मोठा आणि त्यातल्या त्यात स्वस्त असा २७ इंची उचलून आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत वर्तमानपत्राची ई-आवृत्ती उघडली आणि मला हाक मारली, "अरे, इथे कार्यकर्त्याचा राजीनामा आहे की कार्यकर्त्यांचा?"

मी वाकून पाहिलं. रफार आणि अनुस्वार कान्याच्या डोक्यावर एकमेकांत मिसळून नुसता राखाडी डाग झाला होता. एकाने दिला की सगळ्यांनी, ते खालची बातमी वाचल्यावर कळलं. (सगळ्यांनी दिला होता.)

बाबांना वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. पण घोळ पडद्यातच होता. खोक्यावर 'फुल एचडी' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके (पिक्सेल), म्हणजे सगळे मिळून साधारण २१ लाख. पडदा २२ इंची असो, २४ इंची असो की ३२ इंची, फुल एचडीत ठिपके तेवढेच. कणकेचा गोळा तेवढाच ठेवून पोळी मोठी लाटली की ती पातळच होणार. बाबांच्या जुन्या १९ इंची मॉनिटरवर (१२८० × १०२४) एका इंचात ८६ ठिपके बसत होते. नव्या, मोठ्या, चकचकीत मॉनिटरवर बसतात ८२. पैसे मोजून आम्ही एक पायरी खाली उतरलो होतो.

आता डोळ्याचं बघू. डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या तक्त्यावर जी ६/६ची ओळ असते, तिच्यातल्या अक्षराच्या एका रेघेची जाडी आपल्या डोळ्याशी एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन करते. निरोगी डोळा साधारण इतकं बारीक वेगळं ओळखतो. पडदा डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर, म्हणजे हात लांब केला की बोटं टेकतील इतक्या अंतरावर असेल, तर हा कोन ०.१७ मिलिमीटरचा होतो. २७ इंची फुल एचडीवरचा एक ठिपका असतो ०.३१ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्याचे कोपरे, पायऱ्या डोळ्याला दिसणारच. २४ इंची फुल एचडीवर तो ०.२८ होतो. २७ इंचातच २५६० × १४४० ठिपके असतील (दुकानात याला क्यूएचडी किंवा टूके म्हणतात) तर ०.२३. आणि फोरके, म्हणजे ३८४० × २१६० असेल तर ०.१६. तिथे डोळा हरतो आणि अक्षर छापल्यासारखं दिसू लागतं.

हे गणित इंग्रजी वाचणाऱ्यालाही लागू आहे, पण आपल्याला जास्त. विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत ११ पॉइंटच्या अक्षराला उंचीत जेमतेम १५ ठिपके मिळतात. रोमन अक्षर त्यात ऐसपैस बसतं. देवनागरीला त्याच १५ ठिपक्यांत वरची मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मग शिरोरेषा, मग अक्षराचं अंग आणि खाली उकार किंवा ऋकार असा तीन मजली वाडा उभा करायचा असतो. अनुस्वाराच्या वाट्याला दोन-तीन ठिपके येतात. 'वृद्धी'तला द्ध किंवा 'राष्ट्र'मधला ष्ट्र त्या जागेत कोंबताना काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. विंडोज २०००सोबत आलेला मंगल हा देवनागरी फॉन्ट अक्षरकार र. कृ. जोशी यांनी रेखाटला होता. त्या काळच्या भरड पडद्यावर ही दाटी वाचनीय ठेवणं म्हणजे तांदळावर कोरीव काम! आता ठिपके स्वस्त झालेत, तर ते घ्यावेत. फोरकेवर अक्षरं मुंगीएवढी होतात अशी तक्रार ऐकू येते, पण विंडोजच्या सेटिंगमध्ये स्केल १५० टक्के केलं की त्याच अक्षराला १५ऐवजी २२ ठिपके मिळतात.

म्हणून माझं सरळ मत असं, की घरी मुख्यतः वाचन, लिखाण, बँकेची कामं आणि अधूनमधून सिनेमा असेल तर इंचाला किती ठिपके ते आधी विचारा, बाकी सगळं नंतर. २४ इंचात फुल एचडी चालेल. २७ला क्यूएचडीच्या खाली जाऊ नका. आणि दुकानात लागलेल्या पोपट-फुलपाखरांच्या व्हिडिओला भुलू नका, तो व्हिडिओ कुठल्याही पडद्यावर छानच दिसतो. पेनड्राइव्हवर मराठी पानाची पीडीएफ घेऊन जा आणि ती उघडायला सांगा. विक्रेता जरा विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

नंतरचा प्रश्न पॅनलचा, म्हणजे पडदा कुठल्या जातीचा याचा: आयपीएस, व्हीए की ओलेड? इथे थोडं मागे जावं लागतं. १८८८ साली प्रागमध्ये फ्रिडरिख रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ तापवत होता. तो १४५ अंशांवर वितळला, पण गढूळच राहिला. १७८ अंशांच्या आसपास गढूळपणा अचानक गेला. एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू! मधल्या अवस्थेत तो वाहत होता द्रवासारखा आणि प्रकाशाशी वागत होता स्फटिकासारखा. हाच द्रवस्फटिक, एलसीडीमधला 'एलसी'. विजेचा दाब दिला की त्याचे लांबट रेणू वळतात आणि मागून येणारा प्रकाश अडवतात किंवा सोडतात. म्हणजे ठिपका स्वतः उजळत नाही, तो फक्त खिडकीचं दार आहे. दिवा मागे सतत जळत असतो.

हे दार कसं उघडतं त्यावर पॅनलची जात ठरते. आयपीएसमध्ये रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, त्यामुळे बाजूने पाहिलं तरी रंग बदलत नाहीत. दार मात्र पुरतं मिटत नाही. सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा यांचं गुणोत्तर हजाराला एकच्या आसपास राहतं आणि अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो. व्हीएमध्ये ते तीन हजारांच्या आसपास जातं, पण बाजूने रंग फिकटतात. टीएन नावाच्या जुन्या जातीच्या पॅनलला बाजूने पाहणं म्हणजे शिक्षाच होती. त्यावर उपाय म्हणून पुढे जी फिल्म चिकटवू लागले, तिच्यात चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक वापरले गेले. अशा चकती-रेणूंचे द्रवस्फटिक १९७७ साली पहिल्यांदा दाखवून दिले ते बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत, शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. हे चंद्रशेखर सी. व्ही. रामन यांचे भाचे. नोबेलवाले चंद्रशेखर वेगळे.

ओलेडमध्ये दारच नाही, प्रत्येक ठिपका स्वतःचा दिवा. काळा म्हणजे खरोखर विझलेला. सिनेमाला याला तोड नाही. पण दिवसभर एकाच जागी टास्कबार आणि एक्सेलच्या रेघा असतील तर काही वर्षांनंतर त्यांचा वण पडद्यावर उमटू शकतो. शिवाय अनेक ओलेड पॅनलांत लाल-हिरव्या-निळ्याची मांडणी नेहमीच्या उभ्या पट्ट्यांची नसते, म्हणून बारीक अक्षरांना रंगीत कडा येतात. वाचणाऱ्या घरात मी आयपीएस घेईन.

हर्ट्झचं फार मनावर घेऊ नका. ६० हर्ट्झला चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १००ला दर १० मिलिसेकंदांनी. पान सरकवताना फरक जाणवतो, छान वाटतो. १४४ आणि त्यावरचे गेम खेळणाऱ्या मुलांसाठी. 'एक कोटीला एक डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' लिहिलेलं दिसलं तर ओळ सोडून द्या.

"डोळ्यांना त्रास होणार नाही ना?" हा बाबांचा प्रश्न. निळ्या प्रकाशाची भीती आपल्याकडे भरपूर विकली जाते, पण असा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो याला भक्कम पुरावा नाही. खरी गोष्ट साधी आहे: पडद्याकडे टक लावली की आपण पापण्या कमी वेळा मिटतो आणि डोळा कोरडा पडतो. काही पॅनल उजेड कमी करण्यासाठी दिवा वेगाने चालू-बंद करतात, त्याने काहींचं डोकं दुखतं. उजेड अगदी कमी करून पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल जोरात हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या तर तो पॅनल लुकलुकतोय. आणि मॉनिटर खिडकीकडे तोंड किंवा पाठ करून ठेवू नका, खिडकी त्याच्या बाजूला येईल असा ठेवा.

चाळिशीनंतर एक गंमत होते. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी केलेला असतो, मॉनिटर असतो ६०वर. पहिल्याला २.५ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजायचं एकक) लागतात, दुसऱ्याला १.७. मग माणूस पुढे वाकतो, नाहीतर प्रोग्रेसिव्ह (वर लांबचा, खाली जवळचा नंबर असलेल्या) चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करतो आणि संध्याकाळी मान धरते. पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून ते चष्मेवाल्याला सांगा. उंची कमी-जास्त होणारा स्टँड यासाठीच हवा, प्रोग्रेसिव्हवाल्यांना पडदा थोडा खालीच लागतो.

आम्ही तो फुल एचडी मॉनिटर भाचीला गेमसाठी दिला आणि २७ इंची फोरके आणला. लावला तर माउसचा बाण अडखळत चाललेला. बाबा म्हणाले, "परत फसवलं." कारण वेगळं होतं. आमच्या जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय, म्हणजे मॉनिटर जोडायचं पोर्ट, १.४ आवृत्तीचं होतं, त्यातून फोरके जातं, पण सेकंदाला ३० चित्रंच. ६० हवी असतील तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागतं. लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट होतं, केबल मात्र खोक्यात नव्हती. ती आणायला बाबा स्वतः गेले, येताना शेजारच्या काकांनाही घेऊन आले आणि त्यांना पडद्यासमोर बसवून म्हणाले, "वाचा. एक की अनेक?"