भरती अडवल्यावर पाण्याचं काय होतं?

नेदरलँड्सच्या नकाशात आयसलमेर हे सुमारे ११०० चौरस किलोमीटरचं सरोवर उठून दिसतं. शंभर वर्षांपूर्वी ते सरोवर नव्हतंच. तिथे झाउडरझे ही उत्तर समुद्राची उथळ खाडी होती. जानेवारी १९१६ च्या वादळात तिच्या काठचे बांध फुटले, आणि अभियंता व मंत्री कॉर्नेलिस लेली यांचा १८९१ पासूनचा आराखडा १९१८ मध्ये कायद्यात उतरला. खाडीचं तोंडच बंद करायचं ठरलं. २८ मे १९३२ रोजी सुमारे ३२ किलोमीटर लांबीच्या बांधातली शेवटची फट बुजली.

यातला सर्वांत अवघड प्रश्न बांधाच्या आतला नव्हता, बाहेरचा होता. भरतीची लाट आधी खाडीत दूरवर शिरून हळूहळू विरायची. आता ती बांधावर आपटून परतणार. मग बाहेरच्या किनाऱ्यावर पाणी किती चढेल? याचं उत्तर शोधणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ हेंड्रिक लॉरेंट्झ. समुद्रातल्या गुंतागुंतीच्या वाटा म्हणजे एकमेकांना जोडलेल्या कालव्यांचं जाळं, असं मानून त्यांनी पाण्याचं घर्षण आणि प्रवाह हाताने गणिताने मांडले. १९२६ मध्ये अहवाल आला: बाहेर भरती वाढेल, म्हणून तिकडचे बांध उंच करा. बांधाची रेघही त्यांच्या सल्ल्याने थोडी उत्तरेला सरकली. पुढे भरती खरंच वाढली, आणि ती आकडेमोडीच्या बरीच जवळपास निघाली. संगणक नसताना!

आत मात्र वेगळंच घडलं. आयसल नदी ऱ्हाइनचं पाणी आणून ओततच होती आणि जादा पाणी ओहोटीच्या वेळी दरवाज्यांतून समुद्रात सोडलं जात होतं. ही युक्ती गोव्यातल्या खाजणांच्या, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतांच्या, मानशीसारखीच (मानस म्हणजे पाणी सोडण्याचा दरवाजा). काही वर्षांत पाणी गोडं झालं. हेरिंग आणि अँचोव्ही पकडणाऱ्या कोळ्यांचा धंदा संपला. ईल माशांवर काहींनी दिवस काढले. उलट, आज हेच सरोवर देशाचा पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचा मोठा साठा आहे. उन्हाळ्यात त्याची पातळी मुद्दाम थोडी वर ठेवतात.

खाडीचे तुकडे कोरडे करून शेतजमीनही काढली. उत्तर-पूर्वेचा तुकडा थेट जुन्या जमिनीला चिकटला, तेव्हा शेजारच्या उंच भागातलं भूजल नव्या खोलगट जमिनीकडे झिरपलं आणि त्या उंच भागाची भूजलपातळी खाली गेली. पुढच्या तुकड्यांभोवती म्हणून पाण्याचा पट्टा ठेवला. नकाशात शोभेच्या वाटणाऱ्या त्या लांबट तळ्यांचं खरं काम जुन्या जमिनीतलं भूजल धरून ठेवणं हे आहे.

मार्करमेर या सरोवराच्या दक्षिण भागाची कथा कमी सुखाची. सत्तरच्या दशकात आणखी एका बांधाने ते वेगळं पडलं, कारण तेही कोरडं करायचं होतं. तो बेत बारगळला, बंदिस्त उथळ पाणी मागे राहिलं. वाऱ्याने तळाचा बारीक गाळ सतत ढवळला जातो आणि बाहेर जायला त्याला वाट नाही. गढूळ पाण्यात शिंपले, मासे कमी झाले. २०१६ पासून तोच गाळ आणि वाळू वापरून तिथे बेटं उभारली गेली आहेत.

१९५३ च्या पुरात देशाच्या नैर्ऋत्य भागात १८३६ माणसं दगावली आणि तिथल्याही खाड्या बंद करायला सुरुवात झाली. १९७१ मध्ये समुद्रापासून तुटलेल्या ख्रेव्हेलिंगन खाडीत खाऱ्या पाण्याचं सरोवर तयार झालं. भरती नसल्याने त्याच्या खोल थरांतला प्राणवायू उन्हाळ्यात संपतो. फोल्केराक या शेजारच्या खाडीचं पाणी १९८७ मध्ये गोडं केलं तर त्याला निळ्या-हिरव्या शेवाळाने ग्रासलं. माझ्या मते शहाणपण ऑस्टरस्केल्डे खाडीत दिसलं: कोळी आणि निसर्गप्रेमींच्या दबावामुळे १९८६ चा तिथला अडथळा एरवी उघडा आणि फक्त वादळात बंद होणारा बनला. हारिंगफ्लीट या नदीमुखावरच्या बांधाचे दरवाजेही २०१८ पासून भरतीत थोडे किलकिले ठेवतात, म्हणजे सॅमनसारख्या माशांना नदीत चढता यावं. पण त्यातून खारं पाणीही आत येतं, म्हणून गोड्या पाण्याची उपसाठिकाणं आधी आत, पूर्वेकडे हलवावी लागली.