घरगुती ब्रॉडबँड राउटर : जोडणी आणि सेटिंग

घरातील संगणक, मोबाइल, दूरचित्रवाणी संच यांचे मिळून होणारे छोटे जाळे एका बाजूला आणि सेवादात्यामार्फत पोचणारे इंटरनेट दुसऱ्या बाजूला, अशा दोन जाळ्यांच्या सीमेवर बसून एकीकडची डेटा पॅकेटे (माहितीचे छोटे तुकडे) दुसरीकडे योग्य ठिकाणी पोचवणारे उपकरण म्हणजे घरगुती ब्रॉडबँड राउटर. व्यवहारात या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डबीत निदान पाच कामे एकत्र आलेली असतात : पॅकेटांना वाट दाखवणे, तारेने जोडलेल्या उपकरणांसाठी स्विच, बिनतारी जोडणी देणारा ॲक्सेस पॉइंट, उपकरणांना आयपी पत्ते (जाळ्यातील ओळखीचे क्रमांक) वाटणारा डीएचसीपी सर्व्हर आणि बाहेरून येणारी आगंतुक जोडणी अडवणारी फायरवॉल. मोठ्या कार्यालयांत ही कामे वेगवेगळी यंत्रे करतात. घरात ती एकाच पेटीत असल्यामुळे समोर दिसणारी सेटिंग नेमकी कोणत्या कामाची आहे हे ध्यानात येत नाही, आणि बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो. सेटिंग बाहेरच्या जोडणीची आहे, आतल्या जाळ्याची आहे की बिनतारी लहरींची, एवढे आधी ठरवले तरी निम्मे काम सोपे होते.

मॉडेम हे यापेक्षा वेगळे यंत्र आहे. मॉडेम किंवा फायबर जोडणीतील ओएनटी (काचतंतूच्या टोकाला बसणारे यंत्र) तारेतून अथवा काचतंतूतून येणारा संकेत इथरनेटच्या, म्हणजे घरातील तारांवर चालणाऱ्या, स्वरूपात आणून देतो. ती माहिती घरातील कोणत्या उपकरणाकडे जावी हे ठरवणे त्याचे काम नसते. पुष्कळ सेवादाते मॉडेम आणि राउटर एकाच उपकरणात बसवून देतात, त्यामुळे स्वतःचा राउटर आणल्यावर घरात नकळत दोन राउटर एकामागे एक लागतात. त्याचे परिणाम पुढे सांगितले आहेत.

पत्ते आणि नॅट

आयपीव्ही४ या आयपी पत्त्यांच्या जुन्या पद्धतीतील पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटींहून अधिक होऊ शकत नाहीत. ही मर्यादा अडचणीची ठरणार हे लवकरच दिसू लागले, आणि मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात पत्ता बदलून पाठवण्याची, म्हणजे नॅटची, कल्पना मांडली गेली. फेब्रुवारी १९९६ मधील आरएफसी १९१८ ने खासगी जाळ्यांसाठी तीन पट्टे राखून ठेवले, १९२.१६८ ने सुरू होणारे, घरोघरी दिसणारे पत्ते त्यांपैकी एका पट्ट्यातले आहेत. हे पत्ते सार्वजनिक इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणूनच १९२.१६८.१.१ हा एकच पत्ता असंख्य घरांत एकाच वेळी वापरात असूनही कोणाचा कोणाला अडथळा होत नाही.

राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरील खासगी पत्त्याच्या जागी आपला सार्वजनिक पत्ता घालतो, कोणत्या पोर्ट क्रमांकामागे (जोडणी ओळखण्यासाठीच्या क्रमांकामागे) घरातील कोणते उपकरण आहे याची नोंद एका तक्त्यात ठेवतो आणि उत्तर आल्यावर त्या नोंदीवरून ते योग्य उपकरणाकडे वळवतो. नोंद नसलेले पॅकेट आले तर ते कोणाला द्यायचे हे ठाऊक नसल्याने टाकून दिले जाते. हा परिणाम संरक्षणासारखा भासतो, परंतु नॅट निघाले ते पत्त्यांच्या टंचाईमुळे. संरक्षण हा त्याचा हेतू नव्हता. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा असून घरातील प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. तेथे आगंतुकांना अडवण्याचे काम फायरवॉललाच करावे लागते. आयपीव्ही६ चालू करताना त्याची फायरवॉलही चालू आहे का, हे म्हणूनच वेगळे तपासावे लागते.

३ फेब्रुवारी २०११ रोजी आयपीव्ही४ पत्त्यांचे शेवटचे मोकळे मोठे गट विभागीय संस्थांना वाटून संपले. त्यानंतर अनेक सेवादात्यांनी स्वतःच्या जाळ्यातही नॅट बसवून एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्यास सुरुवात केली. एप्रिल २०१२ मध्ये यासाठी १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा राखण्यात आला. राउटरच्या स्थितिदर्शक पानावर बाहेरचा पत्ता या पट्ट्यातला दिसत असेल, तर घरातील कॅमेरा किंवा गेम सर्व्हर बाहेरून गाठण्यासाठी राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग होत नाही, कारण दार राउटरच्या पलीकडे, सेवादात्याकडे बंद असते. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणारी जोडणी घरातील ठरलेल्या उपकरणाकडे वळवणे) चालत नाही म्हणून तासन्तास खटपट करण्याआधी हा पत्ता पाहणे शहाणपणाचे.

पहिली जोडणी

मॉडेमकडून येणारी तार राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या जाळ्यासाठीच्या खाचेत, बसवावी लागते. हे पोर्ट बहुधा वेगळ्या रंगाचे असते. ती तार चुकून लॅन (घरातील जाळ्याच्या) पोर्टमध्ये गेल्यास घरात इंटरनेट येत नाहीच, शिवाय राउटरचा डीएचसीपी सर्व्हर बाहेरच्या जाळ्यात पत्ते वाटू लागण्याची शक्यता असते. पहिली सेटिंग तारेने जोडलेल्या संगणकावरून करणे सोयीचे, कारण बिनतारी जाळ्याचे नाव किंवा पासवर्ड बदलताच बिनतारी जोडणी तुटते आणि बदल जतन झाले की नाही हे कळत नाही. नियंत्रणाचे पान ब्राउझरमध्ये राउटरचा अंतर्गत पत्ता टाकून उघडते. हा पत्ता आणि सुरुवातीचा पासवर्ड उपकरणाच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. पट्टी निघून गेली असल्यास संगणकाच्या नेटवर्क माहितीत डीफॉल्ट गेटवे म्हणून दिसणारा पत्ता हाच.

बाहेरच्या जोडणीचे प्रकार मुख्यतः तीन. डीएचसीपीमध्ये पत्ता आपोआप मिळतो. स्थिर पत्त्याच्या जोडणीत सेवादात्याने दिलेले आकडे हाताने भरावे लागतात. पीपीपीओई या फेब्रुवारी १९९९ मध्ये आरएफसी २५१६ द्वारे प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड लागतो, आणि तो नियंत्रणाच्या पानाच्या किंवा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो. या तीन पासवर्डांची सरमिसळ फारच सार्वत्रिक आहे. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधील ८ बाइट स्वतःसाठी घेत असल्यामुळे एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० ऐवजी १४९२ ठेवावा लागतो. तो चुकल्यास काही संकेतस्थळे नीट उघडतात आणि काही अर्ध्यावर अडकतात, असा चमत्कारिक बिघाड दिसतो. काही फायबर जोडण्यांत यांखेरीज व्हीलॅन (एकाच तारेवरील वेगळे आभासी जाळे) क्रमांकही भरावा लागतो. तो चुकला तर दिवे हिरवे दिसूनही जोडणी होत नाही. काही मॉडेम पहिल्यांदा जोडलेल्या उपकरणाचा मॅक पत्ता (कारखान्यात दिलेला ओळख क्रमांक) लक्षात ठेवतात, त्यामुळे राउटर बदलल्यावर मॉडेम काही मिनिटे बंद ठेवून मगच चालू करावा.

आतल्या बाजूस सहसा काही बदलावे लागत नाही. प्रिंटर किंवा फाइल साठवणीच्या उपकरणाचा पत्ता बदलत राहू नये म्हणून डीएचसीपीमध्ये तो आरक्षित करता येतो; उपकरणावर हाताने पत्ता भरण्यापेक्षा ही रीत बरी, कारण सगळ्या नोंदी एकाच जागी राहतात. घरून कार्यालयाचे व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालयाच्या जाळ्यात शिरण्याची सुरक्षित वाट) वापरणाऱ्याने कार्यालयाचे जाळेही १९२.१६८.१ याच पट्ट्यात आहे का ते पाहावे आणि तसे असल्यास, दोन्हीकडचे पत्ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून, घरचा पट्टा बदलावा.

वायफाय

बिनतारी जाळ्याच्या नावाला ३२ बाइटांची मर्यादा आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठी नाव फार तर दहा चिन्हांचे ठेवता येते. नाव लपवण्याची सोयही असते, पण तिने सुरक्षितता वाढत नाही : जोडणी करताना उपकरणे ते नाव हवेत उघडपणे पाठवतातच.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून तुलनेने चांगल्या जातात, मात्र तेथे जागा अपुरी आहे. या पट्ट्यातील चॅनेल (पट्ट्याचे क्रमांकित भाग) ५ मेगाहर्ट्झच्या अंतराने आखलेले असले तरी प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ व्यापते, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच उरतात. शेजारी गर्दी पाहून ३ किंवा ४ क्रमांक निवडणारा दोन्हीकडचा अडथळा ओढवून घेतो. याच पट्ट्यात ४० मेगाहर्ट्झची रुंदी ठेवणे दाट वस्तीत गैरच म्हणावे लागेल, कारण त्यात जवळजवळ अर्धा पट्टा एकाच घराने अडवला जातो. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा मुबलक आणि वेग अधिक, पण पल्ला कमी. त्यातील काही चॅनेल रडारांशी वाटून घेतलेले असल्यामुळे राउटरला ते वापरण्यापूर्वी निदान ६० सेकंद ऐकत थांबावे लागते. राउटर पुन्हा सुरू केल्यावर ५ गिगाहर्ट्झचे जाळे उशिरा दिसण्याचे हे एक कारण आहे, तो बिघाड नव्हे.

राउटर कोठे ठेवावा हा प्रश्न कोणत्याही सेटिंगपेक्षा मोलाचा आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. तार जेथे घरात शिरते तो कोपरा, धातूचे कपाट, दूरचित्रवाणी संचाची मागची बाजू, मत्स्यपेटीशेजारची जागा या सगळ्या वाईट. घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, डोक्याच्या उंचीच्या आसपास ठेवल्यास फरक लगेच जाणवतो. उभी अँटेना लहरी मुख्यतः आडव्या दिशेने पसरवते आणि टोकाच्या दिशेने फारच कमी देते. वरच्या मजल्यावर संकेत पोचवायचा असेल तर एखादी अँटेना आडवी करून पाहावी. प्रक्षेपणाची शक्ती वाढवून प्रश्न सुटेल असे वाटते खरे, पण मोबाइलचे प्रक्षेपण मुळात दुबळे असते : राउटरचा आवाज मोबाइलला ऐकू येतो आणि मोबाइलचा राउटरला नाही, अशी एकतर्फी स्थिती होते. दूरच्या खोलीसाठी रिपीटर (संकेत ऐकून पुढे पाठवणारे यंत्र) लावल्यास, तो एकाच रेडिओवर ऐकतो व बोलतो अशा साध्या प्रकारचा असेल तर, वेग सुमारे निम्म्यावर येतो; तेथपर्यंत इथरनेटची तार नेऊन दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणे हा कटकटीचा पण खात्रीचा मार्ग आहे.

सुरक्षा

१९९७ च्या मूळ वायफाय मानकातील डब्ल्यूईपी हे सांकेतीकरण २००१ मध्ये फोडले गेले. त्याजागी २००३ मध्ये तात्पुरता उपाय म्हणून डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आले. डब्ल्यूपीए२ आजही चालण्यासारखे आहे, पण त्यात जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपून हल्लेखोराला सवडीने पासवर्डचे अंदाज बांधता येतात, म्हणून पासवर्ड लांब हवा. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये ही पळवाट बंद केली आहे. सगळी उपकरणे नवी नसल्यास दोन्हींचा मिश्र प्रकार निवडावा.

बटण दाबून किंवा पिन टाकून जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस ही सोय म्हणजे चांगल्या हेतूने केलेली रचना कशी फसते याचा नमुना आहे. पिन आठ अंकी, पण शेवटचा अंक केवळ पडताळणीचा, आणि राउटर पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासून पहिला अर्धा बरोबर की चूक हे सांगून टाकतो. त्यामुळे १ कोटी शक्यता उरायच्या, त्या १०,००० अधिक १,००० म्हणजे केवळ ११,००० वर येतात. ही उणीव डिसेंबर २०११ मध्ये उघड झाली. पिनची सोय बंदच ठेवावी.

नियंत्रणाच्या पानाचा मूळ पासवर्ड बदलणे हे पहिल्याच बैठकीत उरकण्याचे काम. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने कॅमेरे, राउटर यांसारखी लाखो उपकरणे ताब्यात घेतली ती कारखान्यात घातलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या वापरून पाहूनच. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या मदतीने डिन या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या) सेवेवर झालेल्या हल्ल्याने अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असे सर्वांना ठाऊक होणारे समान पासवर्ड घालून उपकरणे विकण्यास कायद्याने मनाई आहे. बाहेरून नियंत्रणाचे पान उघडू देणारी सोय बंद असावी. यूपीएनपी या सोयीमुळे घरातील कोणतेही ॲप न विचारता पोर्ट उघडू शकते. गेमसाठी ती सोयीची वाटते, पण तीच मुभा घरात शिरलेल्या घातक प्रणालीलाही मिळते. पाहुण्यांसाठीचे वेगळे जाळे पाहुण्यांपेक्षाही स्वस्त कॅमेरे, स्मार्ट दिवे अशा उपकरणांना वेगळे ठेवण्यासाठी अधिक उपयोगी आहे.

दुहेरी नॅट, रांगा आणि बिघाड

दोन राउटर एकामागे एक लागले म्हणजे पत्ता दोनदा बदलला जातो. साधे ब्राउझिंग चालते, पण पोर्ट फॉरवर्डिंग आणि काही ऑनलाइन खेळ अडतात. यावर दोन उपाय आहेत : सेवादात्याचे उपकरण ब्रिज मोडमध्ये टाकून त्याला निव्वळ मॉडेम करणे, किंवा स्वतःचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये चालवणे. दोन्हींपैकी एकच करायचे असते.

वेगाची चाचणी उत्तम येते आणि तरीही घरात कोणी मोठी फाइल चढवू लागताच दृश्य संभाषण अडखळते, याचे कारण बहुधा वेगाची कमतरता नसून राउटर किंवा मॉडेममध्ये साचलेली पॅकेटांची लांब रांग हे असते. संगणक-अभियंते जिम गेटिस यांनी या दोषाकडे २०१०च्या सुमारास लक्ष वेधले आणि त्याला बफरब्लोट हे नाव रूढ झाले. जानेवारी २०१८ मधील आरएफसी ८२९० मध्ये वर्णन केलेली एफक्यू-कोडेल ही रांग आखूड ठेवणारी पद्धत राउटरमध्ये उपलब्ध असेल तर ती चालू करून वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली ठेवावी, म्हणजे रांग मॉडेमऐवजी राउटरच्या ताब्यात राहते.

बिघाड शोधताना बाहेरून आत येणे सोयीचे : राउटरला बाहेरचा पत्ता मिळाला आहे का, मग तारेने जोडलेल्या संगणकावर इंटरनेट चालते का, आणि शेवटी वायफाय. ८.८.८.८ सारख्या पत्त्याला पिंग (जोडणी तपासणारा छोटा संदेश) पोचतो पण संकेतस्थळाचे नाव उघडत नाही, तेव्हा दोष डीएनएसमध्ये असतो. रीसेटचे छिद्र हा अखेरचा उपाय, कारण सुमारे दहा सेकंद दाबल्यावर पीपीपीओईच्या तपशिलासह सर्व नोंदी पुसल्या जातात. सेटिंगची फाइल आधी उतरवून ठेवलेली असल्यास ती परत भरता येते.

फर्मवेअरची (राउटरच्या आत बसवलेल्या प्रणालीची) अद्ययावत आवृत्ती आपोआप घेण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. निर्मात्याने आवृत्त्या देणे थांबवल्यावर उपकरण चालू राहते, परंतु नव्याने सापडणाऱ्या उणिवा तशाच राहतात. अशा काही उपकरणांवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली बसवता येते. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा लिनक्सवर आधारित स्रोत (प्रणालीची मूळ आज्ञावली) २००३ मध्ये खुला झाल्यानंतर, २००४ मध्ये ती सुरू झाली. ती बसवण्यापूर्वी तळपट्टीवरील प्रतिमानाच्या नावाबरोबरच हार्डवेअरचा आवृत्ती क्रमांकही जुळवून पाहावा, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत आतली चिप वेगळी असू शकते आणि चुकीची फाइल भरल्यास राउटर सुरूच होत नाही.