चांदी गेली, बर्फ उरला: पश्चिम अमेरिकेतल्या स्की-डोंगरांची पार्श्वभूमी

पश्चिम अमेरिकेतल्या डोंगरांवर स्कीइंग करून आलेली दोन-तीन माणसं एकत्र बसली की थोड्याच वेळात वादाला तोंड फुटतं. एकाला यूटामधल्या आल्टापुढे दुसरा डोंगर दिसत नाही. दुसरा कोलोरॅडोतल्या व्हेलचं कौतुक करतो: केवढा पसारा, स्कीवाल्यांना तारेवरून वर नेणाऱ्या किती लिफ्ट, संध्याकाळी फिरायला कसं गाव! तिसरा म्हणतो, वायोमिंगला जॅक्सन होलच्या उतारावर एकदा उभे राहा आणि मग बोला. वाद पावडरवरून, म्हणजे पिठासारख्या भुसभुशीत ताज्या बर्फावरून चाललाय असं वाटतं. मला मात्र तो बर्फापेक्षा इतिहासाचाच वाद वाटत आलाय. डोंगर कुणी उघडला आणि कोणत्या अडचणीपोटी उघडला, यावर तिथलं बरंचसं ठरलेलं आहे. ही सुरुवात अशी एका ठिकाणी झाली, की मराठी वाचकाला थोडं हसू यावं. ते ठिकाण म्हणजे मुंबईची टांकसाळ.

१८९३ च्या जूनपर्यंत हिंदुस्थानात कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं आणि त्या चांदीचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. जगातल्या चांदीला हे एक मोठं आणि हक्काचं गिऱ्हाईक होतं. २६ जून १८९३ रोजी सरकारने ही मुभा बंद केली आणि अवघ्या काही दिवसांत जगभर चांदीचा भाव गडगडला. कोलोरॅडोतल्या खाणमालकांनी खाणींना कुलपं लावली. अमेरिकी सरकार एका कायद्याखाली दरमहा चांदी खरेदी करत असे, तो कायदाही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द झाला. ॲस्पेन तेव्हा दहा-बारा हजार वस्तीचं भरभराटलेलं शहर होतं, नाट्यगृह आणि विजेचे दिवे असलेलं. १९३० च्या शिरगणतीपर्यंत तिथे जेमतेम सातशे माणसं उरली. फक्त टांकसाळीमुळे ॲस्पेन बसलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, कारण अमेरिकेत त्या वर्षी बँका आणि रेल्वे कंपन्याही धडाधड बुडत होत्या. पण पहिला धक्का आपल्याकडून बसला, हे खरं.

आल्टाची गोष्ट त्याआधीची. सॉल्ट लेक सिटीच्या आग्नेयेला लिटल कॉटनवुड नावाची खोल, अरुंद दरी आहे. तिच्या माथ्यावर १८७० च्या दशकात चांदीच्या खाणींभोवती हे गाव वसलं. तिथल्या एमा खाणीचे शेअर लंडनमध्ये विकले गेले तेव्हा अमेरिकेच्या ब्रिटनमधल्या राजदूतानेच त्या कंपनीला आपलं नाव वापरू दिलं होतं. खाणीतली चांदी संपली आणि मोठा बभ्रा झाला. खाणीच्या आधारांसाठी आणि भट्ट्यांसाठी आसपासची झाडं बेसुमार तोडली गेली होती. उघड्या पडलेल्या उतारांवरून हिमस्खलनं सुटायची आणि घरंदारं, माणसं पुरून टाकायची. चांदीबरोबर गावही गेलं. शेवटी जॉर्ज वॉटसन नावाचा एक खाणवाला तिथे जवळपास एकटा राहिला आणि स्वतःला आल्टाचा महापौर म्हणवून घेऊ लागला. १९३० च्या दशकात जमिनीचा कर थकला, तेव्हा त्याने खनिजांचे हक्क स्वतःकडे ठेवून पृष्ठभागाचे हक्क अमेरिकेच्या वनखात्याला देऊन टाकले. वनखात्याने आल्फ एंगन या नॉर्वेतून आलेल्या स्की-उडीच्या विजेत्याला दरीची पाहणी करायला धाडलं. त्याने जागा पसंत केली. उजाड उतारांवर रोपं लावण्याचं काम सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी केलं. जानेवारी १९३९ मध्ये कॉलिन्स लिफ्ट सुरू झाली, तीही खाणीचा माल तारेवरून वाहणाऱ्या जुन्या ट्रामचं सामान वापरून. आल्टा आजही साधं, थोडं हेकट आणि चारचौघांत न मिरवणारं आहे. ते भंगारातून उभं राहिलं, हे त्याचं कारण असावं असं मला वाटतं.

मिरवणारा डोंगर वेगळ्या पोटी जन्मला. मंदीच्या काळात युनियन पॅसिफिक रेल्वेच्या डब्यांत प्रवासी नव्हते. १९३२ साली लेक प्लॅसिडला हिवाळी ऑलिंपिक झालं आणि अमेरिकनांना बर्फाची गोडी लागू लागली होती. रेल्वेचे अध्यक्ष ॲव्हरेल हॅरिमन यांनी ठरवलं, की आपल्या मार्गावर स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झ या स्की-गावाच्या तोडीचं काहीतरी हवं. त्यांनी फेलिक्स शाफगॉच या ऑस्ट्रियन काउंटला जागा शोधायला पाठवलं. बरेच डोंगर नापसंत करून तो आयडाहोतल्या केचम या खाणी बंद पडलेल्या गावापाशी थांबला, आणि १९३६ च्या डिसेंबरात सन व्हॅली उघडलं. माणसांना डोंगरावर चढवायचं कसं, हा प्रश्न रेल्वेच्या ओमाहा इथल्या कचेरीतल्या जेम्स करन या अभियंत्याने सोडवला. त्याने पूर्वी जहाजावर केळीचे घड चढवण्यासाठी एक यंत्र आखलं होतं. फिरत्या तारेला आकडे आणि आकड्यांना घड, अशी त्याची रचना. त्याने आकड्यांच्या जागी खुर्च्या टांगल्या. जगातली पहिली चेअरलिफ्ट ही अशी केळ्यांवरून आली. रावेर-जळगावकडच्या वाचकांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

तिसरा धागा युद्धाचा. कोलोरॅडोच्या डोंगरांत सुमारे २८०० मीटर उंचीवर १९४२ साली कॅम्प हेल उभारला गेला आणि तिथे स्कीवरून लढणाऱ्या सैनिकांना, पुढे दहावी माउंटन डिव्हिजन म्हणून ओळखल्या गेलेल्या तुकडीला, तयार केलं गेलं. १९४५ च्या फेब्रुवारीत इटलीच्या रीव्हा कड्यावर आणि माउंट बेल्व्हेदेरेवर हे लोक लढले. त्यांतले जिवंत परतलेले पश्चिमेच्या डोंगरांत पांगले. मूळचा ऑस्ट्रियाचा आणि सन व्हॅलीत शिकवलेला फ्रीडल फायफर तालमीच्या दिवसांत डोंगर ओलांडून ॲस्पेनला उतरला होता. जखमी होऊन परतल्यावर तो तिथेच गेला. शिकागोचे उद्योगपती वॉल्टर पेपके यांचा पैसा आणि फायफरचं डोंगराचं ज्ञान एकत्र आलं आणि १९४६-४७ च्या हिवाळ्यात ॲस्पेनची लिफ्ट चालू झाली. पेपके यांना मात्र स्कीपेक्षा तिथे संगीत आणि तत्त्वज्ञानाचं केंद्र हवं होतं. ॲस्पेनचा आजचा श्रीमंती, सुसंस्कृत आव थेट तिथून आलेला आहे.

याच तुकडीतला पीट सायबर्ट इटलीत इतका जखमी झाला होता, की पुन्हा नीट चालेल का याची शंका होती. १९५७ साली अर्ल ईटन या युरेनियम शोधत फिरणाऱ्या गड्याने त्याला एक डोंगर दाखवला. खाली खाण नाही, गाव नाही, नुसती मेंढ्यांची कुरणं. पाठीमागच्या बाजूला मोठमोठे उघडे खोलगट उतार. जमिनीचे भाव चढू नयेत म्हणून सायबर्ट आणि मंडळींनी मासेमारी-शिकारीचा क्लब काढतोय असं भासवून खालची जमीन घेतली. डिसेंबर १९६२ मध्ये व्हेल उघडलं. पायथ्याशी बव्हेरियाची नक्कल करणारं गाव बांधलं. १९७३ साली डेन्व्हरहून येणाऱ्या महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्याचा पहिला भाग खुला झाला आणि गाड्यांची रांग लागली. व्हेलला 'नकली' म्हणणारे आल्टावाले थोडे खरे आहेत. मात्र तिथे अस्सल गाव नव्हतंच, मग अस्सलपणा आणायचा कुठून, हेही त्यांनी ध्यानात घ्यावं.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. जॅक्सन होल साठच्या दशकाच्या मध्यावर उघडलं. १९६६ च्या ट्रामने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या डब्याने, एका दमात सुमारे १२६० मीटरची चढाई होऊ लागली, आणि डोंगर तासून सोपा करायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. आल्टाच्या शेजारचं स्नोबर्ड १९७१ चं. त्याचे एक संस्थापक डिक बास १९८५ साली एव्हरेस्ट चढून सातही खंडांची सर्वोच्च शिखरं गाठणारे पहिले ठरले. कॅलिफोर्नियात लेक टाहोजवळचं १९६० च्या ऑलिंपिकचं स्क्वॉ व्हॅली आता पॅलिसेड्स टाहो झालं आहे. जुन्या नावात मूलनिवासी स्त्रियांचा अपमान होता म्हणून ते २०२१ मध्ये बदललं.

आता बर्फाकडे येतो. पॅसिफिकवरून येणारं वादळ आधी कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडाला आणि उत्तरेकडच्या कॅस्केड रांगेला थडकतं. तिथे बर्फ प्रचंड पडतो, पण ओला. वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट बेकरवर १९९८-९९ च्या मोसमात जवळजवळ २९ मीटर पडला, तो जागतिक विक्रम. सिएराच्या बर्फाला तिथले लोक चेष्टेने सिमेंट म्हणतात. वाळवंट ओलांडून यूटापर्यंत पोचताना हवा कोरडी आणि थंड होते. उणे पंधरा अंशांच्या आसपासच्या ढगात चांदणीसारख्या फांद्या फुटलेले स्फटिक वाढतात. ते एकमेकांवर अलगद साचतात आणि मधे हवा अडकते. सिएराच्या ताज्या बर्फात साधारण १२ टक्के पाणी भरतं, आल्टात आठ-नऊ टक्के.

म्हणजे जितका कोरडा तितका चांगला का? यूटा विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ जिम स्टीनबर्ग यांनी हा समज खोडून काढला. कोलोरॅडोच्या आतल्या डोंगरांवर यूटापेक्षा कोरडा बर्फ पडतो. पण अगदी हलक्या बर्फात स्की तळाला जाऊन टेकते. आल्टातलं वादळ बहुधा उबदार सुरू होतं आणि थंड होत संपतं. त्यामुळे खाली जड थर बसतो, वर हलका. खालचा थर उचलून धरतो, वरचा अंगावर उडतो. तरंगल्यासारखं वाटतं ते या रचनेमुळे. ग्रेट सॉल्ट लेकच्या वाफेमुळे हा बर्फ पडतो असं गाइड हौसेने सांगतात, पण त्या सरोवराचा वाटा थोडाच आहे.

यूटाच्या मोटारींच्या पाट्यांवर 'पृथ्वीवरचा सर्वश्रेष्ठ बर्फ' अशा अर्थाचं ब्रीद झळकायला लागलं, तेव्हा रिंगलिंग ब्रदर्स सर्कस कोर्टात गेली. 'पृथ्वीवरचा सर्वश्रेष्ठ खेळ' हे त्यांचं घोषवाक्य, आणि इंग्रजीत दोन्हींत एका अक्षराचाच काय तो फरक. १९९९ मध्ये अपील न्यायालयानेही सर्कशीचा दावा फेटाळला.

बर्फ जितका चांगला तितका डोंगर धोक्याचा, हे आल्टाने खाणीच्या दिवसांतच पाहिलं होतं. युद्धानंतर दहाव्या माउंटनमधलाच माँटी ॲटवॉटर वनखात्याचा माणूस म्हणून तिथे आला आणि स्खलनं अंदाज बांधून, मुद्दाम पाडून टाकण्याची पद्धत त्याने बसवली. आधी स्फोटकं, मग तोफा. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच बनावटीच्या ७५ मिलिमीटरच्या तोफांतून उतारांवर गोळे डागले जाऊ लागले. पश्चिमेतल्या बाकीच्या डोंगरांनी हे तंत्र आल्टाकडून घेतलं.

पावडर फार वर्षं मोजक्या तरबेज लोकांची होती, कारण जुन्या लांब, अरुंद स्की खोल बर्फात बुडायच्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ॲटॉमिक कंपनीच्या रूपर्ट ह्युबर यांनी दुप्पट रुंदीची स्की आणली. शेन मॅकॉन्की या अचाट माणसाने आधी पाण्यावरच्या स्की बर्फावर वापरून पाहिल्या आणि २००२ साली उलट्या बाकाची, म्हणजे टोकं वर वळलेली, 'स्पॅटुला' नावाची स्की बाजारात आली. मग बेताच्या कसबाचा माणूसही तरंगू लागला. परिणाम असा, की पूर्वी दोन-तीन दिवस टिकणारा कोरा उतार आता सकाळी दहापर्यंत नांगरल्यासारखा होतो.

गर्दीत भर पडली पासमुळे. व्हेलच्या कंपनीने २००८ साली ५७९ डॉलरला हंगामभराचा 'एपिक' पास काढला. २०१८ पासून 'आयकॉन' हा प्रतिस्पर्धी आला. व्हेलचं एका दिवसाचं तिकीट आता तीनशे डॉलरच्या वर जातं, म्हणून लोक पास घेतात आणि मग पास वसूल करायला डोंगर पालथे घालतात. पार्क सिटीची कथा तर कारकुनांनी पाठ करावी अशी. हेही चांदीचंच गाव, १९६३ मध्ये खाण कंपनीनेच तिथे स्कीइंग सुरू केलेलं. काही वर्षं स्कीवाल्यांना खाणीच्या आगगाडीतून, अंधाऱ्या ओल्या बोगद्यातून डोंगराच्या पोटात नेत आणि पाळण्यातून वर काढत. २०११ मध्ये डोंगर चालवणाऱ्या कंपनीकडून भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाचा कागद द्यायला दोन-तीन दिवस उशीर झाला. जमीनमालकाने पट्टा व्हेलला दिला. कोर्टकचेऱ्या होऊन २०१४ मध्ये सारं १८ कोटी २५ लाख डॉलरला व्हेलकडे गेलं.

आल्टा आयकॉन पासमध्ये आहे, पण स्नोबोर्डला, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर ठेवून घसरण्याला, तिथे अजून बंदी आहे. वनखात्याच्या, म्हणजे सर्वांच्या जमिनीवर ही बंदी कशी, असा दावा काही स्नोबोर्डवाल्यांनी केला. तो २०१६ मध्ये अपिलातही टिकला नाही. वर जायचा रस्ता एकच. हिमवृष्टीच्या सकाळी त्यावर गाड्यांच्या मागच्या दिव्यांची जी रांग लागते, तिला तिथे 'लाल साप' म्हणतात. दरीतून सुमारे १३ किलोमीटरची गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारे बंद डबे, बांधायचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये जाहीर केला आणि लगेच त्याला विरोध सुरू झाला.

२०२२ च्या नोव्हेंबरात ग्रेट सॉल्ट लेकची पातळी नोंदींमधली सर्वांत खाली गेली होती. त्यामागोमाग आलेल्या हिवाळ्यात आल्टात ९०३ इंच, जवळजवळ २३ मीटर बर्फ पडला. असा बर्फ पडला की तिथे 'इंटरलॉज' लागू होतं: स्खलनं पाडण्याचं काम संपेपर्यंत कुणी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, कायद्याने. पुढे लिफ्ट सुरू होतात, पण कधीकधी खालचा रस्ता बंदच असतो. लाल साप दरीच्या तोंडाशी अडकलेला, आणि वर अख्ख्या डोंगरावर फक्त रात्री कोंडून पडलेली माणसं.