मोबाइल रेडिओची प्रोग्रामिंग केबल: पार्श्वभूमी

गाडीत बसवायच्या जुन्या बोलत्या-ऐकत्या रेडिओ सेटमध्ये प्रत्येक चॅनेलला क्रिस्टलची (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या स्फटिकाची) जोडी लागे, एक बोलायला आणि एक ऐकायला. पुढे एकाच सर्किटमधून हव्या त्या फ्रिक्वेन्सी बनवणारे सिंथेसायझर आले आणि फ्रिक्वेन्सी चिपच्या मेमरीत साठवू लागले. ही मेमरी विजेवर पुन्हा लिहिता येऊ लागली तेव्हा संगणकावरून ती लिहिण्यासाठी केबलची, म्हणजे प्रोग्रामिंग केबलची, गरज निर्माण झाली.

पहिला अडथळा व्होल्टेजचा होता. संगणकाच्या सिरियल पोर्टवर (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जुन्या जोडणीवर) 1 म्हणजे उणे 3 ते उणे 15 व्होल्ट आणि 0 म्हणजे अधिक 3 ते अधिक 15. रेडिओतल्या प्रोसेसरला मात्र 0 आणि 5 व्होल्टच समजतात, तेही उलट अर्थाने. त्यामुळे कंपन्या हे व्होल्टेज बदलणारा मधला डबा वेगळा विकत, आणि तो स्वस्त नसे. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात एका 5 व्होल्टवर चालणारी, चार-पाच कपॅसिटर मागणारी, व्होल्टेजची पातळी बदलणारी चिप आली. तेव्हापासून हौशी माणसाला हे काम घरी जमू लागले.

लॅपटॉपमधून सिरियल पोर्ट गेले आणि यूएसबीवरून सिरियलचे काम करणाऱ्या यूएसबी-सिरियल चिपचे राज्य सुरू झाले. खरा वाद इथला आहे. ग्लासगोच्या एका कंपनीच्या चिपच्या नकला जगभर पसरल्या होत्या. ऑक्टोबर 2014 मध्ये विंडोज अपडेटमधून त्या कंपनीचा नवा ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) घरोघरी पोहोचला. नक्कल सापडली की तो तिचा प्रॉडक्ट आयडी, म्हणजे संगणकाला चिप ओळखू देणारा क्रमांक, शून्य करून टाकी. मग ती केबल दुसऱ्या संगणकावरही नेहमीच्या पद्धतीने ओळखली जात नसे. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. पण 2016 मध्ये आलेल्या आणखी एका ड्रायव्हरने नकली चिप दिसली की खऱ्या डेटाऐवजी ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड’ ही अक्षरे सिरियल मार्गावर सोडली. रेडिओची मेमरी लिहिली जात असताना मध्येच भलते बाइट येणे म्हणजे काय, हे सेट अर्धवट लिहून बसलेल्याला विचारावे. कंपनीचा हक्क मान्य आहे, नक्कल ही चोरीच. तरी शिक्षा झाली ती दुकानातून भरवशाने केबल घेणाऱ्याला, नक्कल बनवणाऱ्याला नव्हे. हा निर्णय चुकीचाच होता. तैवानच्या दुसऱ्या एका चिपच्या ड्रायव्हरनेही नकला आणि स्वतःच्या जुन्या आवृत्त्या नाकारल्या. विंडोजमध्ये ‘कोड 10’ ही त्रुटी दिसू लागली आणि लोक जुना ड्रायव्हर शोधत राहिले.

इंदूरला याची झळ जास्त जाणवते, कारण इथल्या हौशी रेडिओवाल्यांच्या हाती बहुतेक वापरलेले सेट येतात. ते हौशींच्या 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणायचे तर केबल हवीच, आणि तयार केबलच्या प्लगमध्ये कोणती चिप आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून इंदूरच्या जेल रोडवरून उघडी यूएसबी-टीटीएल पट्टी (यूएसबी-सिरियल चिप बसवलेले, प्रोसेसरला समजणारे व्होल्टेज देणारे छोटे सर्किट) आणून स्वतः तारा जोडणे बरे: चिपवरचे नाव तरी डोळ्यांनी वाचता येते. कमी दामाची सीएच340 ही चिप आता बऱ्याच जणांची पहिली पसंती आहे.

जोडणी तीन तारांची: ग्राउंडला ग्राउंड, पट्टीचा टीएक्स (पाठवणारी पिन) रेडिओच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला), पट्टीचा आरएक्स रेडिओच्या टीएक्सला. काही सेटमध्ये दोन्ही कामांना एकच डेटा तार असते. तिथे आरएक्स थेट जोडतात, टीएक्स शॉट्की डायोडमधून (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून), त्याचे पट्टा असलेले टोक, म्हणजे कॅथोड, टीएक्सकडे ठेवून. अशा वेळी संगणकाला स्वतःचेच बाइट परत ऐकू येतात, आणि चर्पसारख्या, रेडिओ प्रोग्राम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे.

गोंधळ उरतो तो माइकच्या आठ पिनांच्या सॉकेटचा. काही उत्पादक समोरून डावीकडून मोजतात, काही उजवीकडून. त्यातल्या एका पिनेवर बऱ्याच सेटमध्ये माइकसाठी 8 व्होल्ट असतात, ते पट्टीत गेले तर चिप जळू शकते. त्यामुळे सेट चालू करून मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासल्याशिवाय कुठलीही तार जोडू नये, आणि काहीही लिहिण्याआधी सेटमधला मूळ डेटा वाचून त्याची फाइल ठेवावी.