व्हँपायर वीकेंड (अल्बम)

व्हँपायर वीकेंड : न्यूयॉर्कमधील याच नावाच्या इंडी पॉप (मोठ्या कंपन्यांच्या मुख्य प्रवाहाबाहेरचे पॉप) बँडचा पहिला अल्बम. एक्सएल रेकॉर्डिंग्ज या ब्रिटिश कंपनीने तो जानेवारी २००८ च्या अखेरीस प्रसिद्ध केला; अमेरिकेत तो २९ जानेवारीला आला. अकरा गाणी, सगळी मिळून जेमतेम चौतीस मिनिटे. काँगोचे सोकूस हे नाचाचे संगीत आणि आफ्रिकेतल्या इतर पॉप शैलींमधून घेतलेले गिटारवादन, युरोपातल्या बरोक (सतराव्या-अठराव्या शतकांतल्या) संगीताच्या वळणाची तंतुवाद्ये आणि अमेरिकेच्या उच्चभ्रू विद्यापीठांतले तरुण जग या तिन्हींचे मिश्रण हे त्याचे वैशिष्ट्य. आफ्रिकी संगीताचा रंग असलेल्या एकविसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य पॉप अल्बममध्ये याची चर्चा खूप झाली. उसने घेतलेल्या सुरांवर हक्क कोणाचा, हा वादही याच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला.

बँड आणि नाव

एझ्रा कोएनिग (गायन, गिटार), रोस्तम बातमांगलीज (की-बोर्ड, गिटार), ख्रिस टॉमसन (ड्रम) आणि ख्रिस बायो (बेस गिटार) हे चौघे कोलंबिया विद्यापीठातले. २००६ च्या सुरुवातीला त्यांनी बँड उभा केला. कोएनिग इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी, तर वॉशिंग्टनमधल्या इराणी कुटुंबात वाढलेला बातमांगलीज संगीत शिकलेला. अल्बमची निर्मितीही बातमांगलीजनेच केली.

बँडचे नाव आले ते कोएनिगने मित्रांबरोबर एका सुट्टीत सुरू केलेल्या हौशी चित्रपटावरून. देशावर व्हँपायरांनी हल्ला केला आहे हे महापौरांना सांगायला वॉलकॉट नावाचा तरुण केप कॉडला निघतो, अशी त्याची गोष्ट. पुढे या वॉलकॉटवर एक गाणे झाले आणि ते अल्बममध्ये दहाव्या क्रमांकावर आहे. त्यात तो केप कॉडकडे जात नाही. तिथून आज रात्रीच्या आत बाहेर पड, असे त्याला बजावले जाते. मॅसॅच्युसेट्स राज्यातला केप कॉड हा समुद्रात शिरलेला भूभाग म्हणजे श्रीमंतांची उन्हाळी घरे असलेला परिसर. पियानोच्या धावत्या साथीवरचे हे गाणे ऐकताना पळ काढणाऱ्याची घाई थेट अंगात येते.

ध्वनिमुद्रण

शिक्षण संपल्यावर पोटापाण्यासाठी नोकऱ्या आणि उरलेल्या वेळात ध्वनिमुद्रण, असा बेत होता. कोएनिग ब्रुकलिनमधल्या एका शाळेत आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवत असे. खर्च चौघांच्याच खिशातला. त्यामुळे काही भाग तळघरात, काही धान्याच्या कोठारात, काही राहत्या घरांत, तर काही ब्रुकलिनच्या ट्रीफोर्ट स्टुडिओत मुद्रित झाला. जागा बदलली की ड्रमचा नादही बदलतो, आणि लक्ष देऊन ऐकले तर हा फरक कानाला जाणवतो. कंपनीशी करार होण्याआधीच यातली बरीच गाणी एका निळ्या सीडीवरून आणि ब्लॉगांवरून हातोहात पसरली होती.

मुखपृष्ठावर एका झुंबराचे पोलरॉइड छायाचित्र आहे. कोलंबियातल्या सेंट अँथनी हॉलमध्ये बँडचे सुरुवातीचे कार्यक्रम होत असत, तिथले हे झुंबर.

आफ्रिकेकडून काय घेतले

या अल्बमबद्दल ‘आफ्रिकी ताल’ असा शब्दप्रयोग सर्रास होतो, पण तो अपुरा आहे. घेतली ती मुख्यतः गिटार वाजवण्याची शैली. रॉक संगीतात गिटारचा आवाज बहुधा फोडून, करकरीत करून वाजवतात. कोएनिगची एपिफोन शेरेटन गिटार मात्र जवळजवळ सर्वत्र स्वच्छ, लखलखीत वाजते. सूर लांबवत न ठेवता तो छोट्या छोट्या स्वरपंक्ती वरच्या पट्टीत भराभर छेडतो आणि त्याच पुन्हा पुन्हा फिरवतो. ही रीत काँगोची आहे.

तिची पूर्वपीठिका थोडी सांगायला हवी. १९३० च्या दशकापासून क्यूबातल्या संगीताच्या तबकड्या मध्य आफ्रिकेत पोहोचू लागल्या. गुलामांच्या जहाजांतून अटलांटिकपार गेलेले ठेके त्या तबकड्यांतून एका अर्थी घरी परतत होते. काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेल्या लिओपोल्डव्हिल (आताचे किन्शासा) आणि ब्राझाव्हिल या शहरांतल्या वादकांनी ते आपलेसे केले आणि क्यूबात पियानो जे काम करी ते गिटारकडे दिले. त्यातून काँगोली रुंबा घडली. २०२१ मध्ये युनेस्कोने तिची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. तिचेच वेगवान रूप म्हणजे सोकूस. फ्रँको लुआंबो माकियादी आणि डॉक्टर निको हे या परंपरेतले थोर गिटारवादक. गाण्याच्या उत्तरार्धात शब्द मागे पडतात, लय चढते आणि तीन गिटारी एकमेकींत गुंफून खेळू लागतात. या भागाला सेबेन म्हणतात. भजनात शेवटी गजर चढत जातो तेव्हा बसलेले लोक उभे राहतात. सेबेनचे कामही तेच, नाचणाऱ्यांना मैदानात ओढण्याचे.

व्हँपायर वीकेंडने सेबेनची ही गिटार उचलली, पण तिला दोन-तीन मिनिटांच्या पॉप गाण्यात बसवले. सोकूसचे गाणे दहा-दहा मिनिटे चालते आणि त्याची मजा त्या विस्तारात असते. इथे तो विस्तार नाही. जे मिळते ते अत्तराच्या थेंबासारखे, आणि माझ्या मते अल्बमची खरी ताकद या काटकसरीत आहे. ‘ए-पंक’ हे सर्वांत गाजलेले गाणे सव्वादोन मिनिटांचे. त्यात गिटारची एकच चटपटीत स्वरावली, त्यामागे पंक या धडाकेबाज रॉक प्रकाराच्या वेगाचा ड्रम, आणि ध्रुवपदाशी सगळे थबकून मेलोट्रॉनवरची बासरी तरंगू लागते. मेलोट्रॉन म्हणजे प्रत्येक पट्टीमागे ध्वनिमुद्रित टेप असलेले जुने वाद्य. त्याची बासरी किंचित थरथरते आणि लांबून आल्यासारखी वाटते.

‘केप कॉड क्वासा क्वासा’

अल्बमचे सगळे म्हणणे या चौथ्या गाण्याच्या नावातच आहे. क्वासा क्वासा हा १९८० च्या दशकात काँगोतून (तेव्हाचे झाईर) पसरलेला नाच : कंबर पुढेमागे हलवायची आणि हात तिच्या लयीबरोबर. पेपे काले आणि पॅरिसमध्ये स्थायिक झालेला कांडा बाँगो मॅन या गायकांनी तो आफ्रिकाभर आणि युरोपात नेला. त्याच्या नावाला केप कॉड जोडले की किन्शासातली नाचाची रात्र आणि बंगल्यासमोरची वाळू एका ओळीत येतात.

गाण्यातली मुलगी आईबरोबर वाळूच्या हिरवळीवर, लुई व्हिताँ या महागड्या फ्रेंच कंपनीच्या वस्तूंच्या सहवासात वाढलेली. कॉलेजात ती रेगेटॉन (लॅटिन अमेरिकेतले नाचाचे संगीत) ऐकते, आणि पहाट होते ती बेनेटन या इटालियन कपड्यांच्या कंपनीच्या रंगांत. साथीला हातांनी वाजवलेले ताल आणि गिटारची ती काँगोली वीण. मध्येच कोएनिग कबूल करतो की हे सारे अनैसर्गिक वाटते आहे, आणि त्याच दमात पीटर गॅब्रिएलचे नाव घेतो. गॅब्रिएल हा आफ्रिकी व इतर देशांतल्या संगीताला पाश्चात्त्य मंचावर आणणारा इंग्लिश गायक, १९८२ मध्ये सुरू झालेल्या वोमॅड महोत्सवाचा एक संस्थापक. आपण उसने घेतो आहोत आणि ही वाट आधी कोणी तुडवली आहे, हे गायकाने गाण्यातच सांगून टाकले आहे. अल्बम आला त्याच वर्षी, २००८ मध्ये, हॉट चिप या ब्रिटिश बँडने हे गाणे स्वतः गॅब्रिएलला बरोबर घेऊन केले. आपले नाव येते त्या जागी त्याने ओळीत बदल केला : स्वतःचेच नाव गाणे किती विचित्र वाटते, अशा अर्थाचा.

‘ग्रेसलँड’ची सावली

आपल्या शैलीला बँडने सुरुवातीलाच ‘अपर वेस्ट साइड सोवेटो’ असे नाव देऊन ठेवले होते. अपर वेस्ट साइड हा मॅनहॅटनचा सुखवस्तू भाग. सोवेटो ही जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येची, वर्णभेदी राजवटीने कृष्णवर्णीयांना ढकललेली वस्ती, जिथे १९७६ च्या जूनमध्ये शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ही जोडणी अनेकांना खटकली, आणि खटकणे रास्त होते.

तुलना अर्थातच पॉल सायमन या अमेरिकन गायकाच्या ‘ग्रेसलँड’ (१९८६) या अल्बमशी झाली. दक्षिण आफ्रिकेवर संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार असताना सायमन जोहान्सबर्गला गेला, म्हणून त्याच्यावर कडक टीका झाली. मात्र रे फिरी, बाकिती कुमालो, लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो हे तिथले कलावंत त्या अल्बममध्ये स्वतः गायले-वाजवले आहेत आणि त्यातून जगासमोर आले. व्हँपायर वीकेंडमध्ये असे कोणी नाही. साहाय्यक तंतुवादकांसारखे पाहुणे वगळता बहुतेक सगळे चौघांनीच वाजवलेले आहे. ज्या संगीताच्या तबकड्या ऐकून ही गाणी सुचली, ते वाजवणाऱ्यांशी इथे गाठ पडत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हे गायक आफ्रिकेची गोष्ट सांगायला जात नाहीत, तिथल्या दुःखाचा आव आणत नाहीत, उच्चार बदलून गात नाहीत. शब्द सगळे त्यांच्या स्वतःच्या वर्गाचे, त्यांच्या कॉलेजच्या पायऱ्यांवरचे आहेत. उसनवारी लपवलेली नाही. तरीही ऋण मान्य करणे वेगळे आणि फेडणे वेगळे, आणि या अल्बमने पहिलेच केले आहे.

शब्द, कापड आणि वसाहती

गीतांत वस्तूंची नावे फार आहेत, आणि ती केवळ सजावट नाहीत. पहिल्याच ‘मॅन्सार्ड रूफ’ या गाण्यात झाडांमधून दिसणाऱ्या फ्रेंच पद्धतीच्या छपरावरून नजर एकदम अर्जेंटिनाच्या पराभवाकडे आणि आरमाराच्या उरल्यासुरल्या जहाजांकडे जाते. ‘ए-पंक’मध्ये एक बडे गृहस्थ काही आगळेवेगळे शोधत न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो या मूळ रहिवाशांच्या वस्तीकडे निघतात. ‘कॅम्पस’मध्ये केफिये या अरबी रुमालावर केफिर हे आंबवलेले दूध सांडते. जगभरचे सामान या मुलांच्या अंगाखांद्यावर आहे. ते कुठून आले याची जाणीव कधी असते, कधी नसते.

भारताशी खरा धागा आहे तो ‘एम ७९’ या गाण्यात. हे नाव मॅनहॅटनच्या ७९ व्या रस्त्यावरून सेंट्रल पार्क ओलांडणाऱ्या बसचे. हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचे पट्ट्यांचे वाद्य) आणि व्हायोलिन-चेलोंनी सजलेल्या या गाण्यात रंग जाणाऱ्या मद्रास कापडाचा आणि खैबर खिंडीचा उल्लेख आहे. हे मद्रास म्हणजे दक्षिण भारतात हातमागावर विणलेले चौकड्यांचे सुती कापड. त्यातले वनस्पतिजन्य रंग धुताना सुटत आणि एकमेकांत मिसळत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सी. पी. कृष्णन नायर यांनी ते अमेरिकन व्यापाऱ्याला विकले आणि ब्रुक्स ब्रदर्स या न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित दुकानात ते पोहोचले. धुतल्यावर रंग गेला म्हणून गिऱ्हाइके संतापली, तेव्हा रंग जाणे हाच गुण आहे अशी जाहिरात झाली आणि मद्रासचा शर्ट पूर्वेकडच्या विद्यापीठांतल्या श्रीमंत मुलांचा जणू गणवेश बनला. हेच नायर पुढे मुंबईत सहार विमानतळाजवळ लीला हॉटेल उभारणारे म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. गाण्यात जेमतेम दोन शब्द येतात, पण हातमागापासून मॅनहॅटनच्या बसपर्यंतचा सगळा प्रवास त्यांत आहे.

‘ऑक्सफर्ड कॉमा’तही भारत येतो. इंग्रजीत तीन गोष्टींची यादी करताना शेवटच्या ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, यावर तिकडे हिरिरीने वाद होतात, तो स्वल्पविराम म्हणजे ऑक्सफर्ड कॉमा. मराठीत आपण ‘आणि’पूर्वी तो सहसा देत नाही, त्यामुळे या भांडणाची धग आपल्याला कळायला थोडा वेळ लागतो. कोलंबियात हा स्वल्पविराम जपण्यासाठी विद्यार्थ्यांचा फेसबुक गट होता, आणि गाणे त्यावरून सुचले. शुद्धलेखनाच्या आडून दुसऱ्याला कमी लेखणाऱ्यांवर कोएनिगचा रोख आहे : मीही धरमशाला चढून गेलो, थोरल्या लामांना भेटलो, त्यांच्या उच्चारात मला काही वावगे वाटले नाही, असे तो सुनावतो. संगीत अगदी साधे, ऑर्गन आणि मोजका ड्रम. याची चित्रफीत रिचर्ड आयोआडीने दिग्दर्शित केली.

उरलेल्या गाण्यांपैकी ‘ब्रिन’, ‘वन’ आणि ‘आय स्टँड करेक्टेड’ तुलनेने फिकी आहेत. शेवटचे ‘द किड्स डोन्ट स्टँड अ चान्स’ मात्र अल्बमला वजन देते. मौज संपून पैशांच्या जगात ओढल्या जाणाऱ्या तरुणांचे ते संथ, खिन्न गाणे आहे.

स्वागत

अल्बम दुकानात येण्यापूर्वीच ‘स्पिन’ मासिकाने मुखपृष्ठासाठी बँडची छायाचित्रे काढली होती, हे तोवर कोणत्याही बँडच्या वाट्याला आले नव्हते. ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक संकेतस्थळाने दहापैकी ८.८ गुण दिले. अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत अल्बम १७ व्या, ब्रिटनमध्ये १५ व्या स्थानापर्यंत चढला. ‘रोलिंग स्टोन’च्या पाचशे सर्वोत्तम अल्बमच्या २०१२ मधल्या यादीत त्याला ४३० वे स्थान मिळाले. विरोधकांचा सूर असा की खात्यापित्या घरच्या मुलांनी सुट्टीतल्या सहलीसारखी आफ्रिका वापरली.

जानेवारी २०१० मध्ये आलेला दुसरा अल्बम ‘कॉन्ट्रा’ बिलबोर्डवर थेट पहिला आला. २०१३ च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत काँगोली गिटार बरीच मागे सरली होती. २०१६ मध्ये बातमांगलीज बँडमधून बाहेर पडला. पहिल्या अल्बमची गिटार मनात भरली असेल, त्यांनी फ्रँकोचे १९८५ चे ‘मारियो’ जरूर ऐकावे. ते लांबलचक आहे, आणि घाई न करता शेवटपर्यंत ऐकले तर सेबेन काय असते ते तिथे नीट कळते.